शिष्यवृत्ती येईपर्यंतचे महिने

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजला पैसे देऊ नयेत, असे माझे कित्येक वर्षे ठाम मत होते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मी शिकले आणि पुढे गोंदिया जिल्ह्यात परतून आमगाव-सालेकसा पट्ट्यात शिक्षिका म्हणून नोकरी केली. बॅचच्या मैत्रिणी निधीसाठी फोन करत, तेव्हा मी दर वेळी नाही म्हणे, आणि का नाही तेही सविस्तर सांगे. आज मी दरमहा ठरावीक रक्कम देते. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनाही त्यांच्या त्यांच्या कॉलेजांसाठी द्यायला सांगते. हे मत का बदलले आणि त्यातला कोणता भाग अजून तसाच आहे, हे एकदा मोकळेपणी लिहावेसे वाटले.

आधी माझी जुनी बाजू मांडते, कारण आजही ती मला पोकळ वाटत नाही. गरीब घरच्या मुलामुलींना शिकवणे ही सरकारची जबाबदारी आहे, हा तिचा गाभा होता. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, 1948 मध्ये ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच या देशाने मान्य केले होते की कॉलेजचे शिक्षण हा दानधर्माचा विषय राहू शकत नाही. आमच्या भागात हा विचार खोलवर रुजलेला आहे. 1954 साली बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. ती निवडणूक बाबासाहेब हरले. पण हक्क मागून घ्यायचा असतो, त्यासाठी कुणापुढे हात पसरायचा नसतो, ही शिकवण इथल्या घराघरांत राहिली. शिष्यवृत्तीच्या जागी देणगी आली, तर हक्काच्या जागी उपकार येईल आणि सरकार हळूच अंग काढून घेईल, अशी मला भीती होती.

देणग्या जातात कुठे, हाही माझा प्रश्न होता. कॉलेजला दिलेल्या पैशातून प्रवेशद्वार होते, सभागृहाला वातानुकूलन येते, संगमरवरी पाटीवर नाव कोरले जाते. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा वेगळा मुद्दा असतो. त्यामुळे अलीकडे बहुतेक कॉलेजांत माजी विद्यार्थी संघ नोंदवलेले असतात, मेळावे भरतात, फोटो निघतात. या सगळ्यात खोलीचे भाडे थकलेली मुलगी कुठे दिसते, असे मी विचारत असे.

तिसरे कारण बोलायला जरा अवघड आहे, पण मनोगतात ते टाळता येणार नाही. माझे कॉलेज ख्रिस्ती मिशनचे, आणि मी ख्रिस्ती नाही. कॉलेजने मला प्रेमाने शिकवले. तिथल्या प्रार्थनेचा मला कधी जाच झाला नाही, कुणी मला धर्माबद्दल काही सांगायला आले नाही. तरीही पैसे देण्याची वेळ आली की दोन विचार मनात येत. मिशनच्या संस्थांना परदेशातून भरपूर मिळत असेल, मग माझ्यासारख्या शिक्षिकेच्या हजार-पाचशेची त्यांना काय गरज, हा पहिला. आणि धर्माशी जोडलेल्या संस्थेला द्यायचे, तर ते पैसे शिक्षणालाच लागतील कशावरून, हा दुसरा. माझ्या नात्यातली माणसे हे उघड बोलत. मी बोलत नसे, पण मनात तेच असे.

या तिन्ही कारणांना धक्का बसला तो सालेकसा तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीमुळे. तिचे नाव मी लिहिणार नाही. बारावी विज्ञानाला चांगले गुण मिळवून ती नागपूरच्या एका कॉलेजात गेली. शिष्यवृत्तीला ती पूर्ण पात्र होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळे कागद तयार होते. अर्जात काही त्रुटी निघाली, ती दुरुस्त करून पुन्हा पाठवण्यात वेळ गेला. खोलीचे भाडे दोन महिन्यांचे थकले, मेसवाल्या काकूंनी सांभाळून घेतले तरी ओशाळेपणा वाढत गेला, आणि दिवाळीला घरी आलेली मुलगी सुट्टी संपल्यावर परत गेलीच नाही. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पैसेही तिच्या खात्यात आले. तोपर्यंत दुसरे सत्र सुरू झाले होते आणि तिचे नाव हजेरीपटावर उरले नव्हते. सरकारने तिचा हक्क नाकारला नव्हता. तो तिच्यापर्यंत पोचला तेव्हा उशीर झाला होता, एवढेच.

त्यानंतर मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरचे पैशाचे वेळापत्रक नीट पाहू लागले. आमचा जिल्हा धानाचा. जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश होतात, आणि तेव्हाच शेतकऱ्याच्या हातातला शेवटचा रुपया बी-बियाणे, खत आणि रोवणीच्या मजुरीत गेलेला असतो. एप्रिल-मेमध्ये मोहफुले आणि तेंदूपत्त्याचे जे थोडे पैसे येतात, तेही पावसाळ्याच्या तोंडावर संपलेले असतात. हलका धान दिवाळीच्या आसपास निघतो, भारी धान त्याहून उशिरा. तो आधारभूत खरेदी केंद्रावर न्यायचा, नंबर लागायची वाट पाहायची, मग चुकाऱ्यांची वाट पाहायची. म्हणजे जूनपासून डिसेंबरपर्यंत घरात रोख पैसा जवळजवळ नसतोच. आणि नागपुरात खोली करून राहणाऱ्या मुलीला नेमके याच महिन्यांत डिपॉझिट, भाडे, मेस, पुस्तके, प्रॅक्टिकलचे साहित्य आणि परीक्षेचा फॉर्म यांसाठी पैसे लागतात. गोंदियाहून काही मुले अपडाऊन करतात, पण सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडच्या मुलांना रोजचे जाणे-येणे शक्य नसते. गोंदियाहून नागपूरच मुळी सुमारे 130 किलोमीटर, आणि गोंदियाला पोचणे हाच त्यांच्यासाठी पहिला प्रवास.

दुसरीकडे सरकारी मदतीचे वेळापत्रक. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे, कॉलेजने तपासायचे, मग खात्याने तपासायचे, मग पैसे खात्यात. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आता केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. ही व्यवस्था चांगल्या हेतूने केलेली आहे आणि तिच्यामुळे मधल्या गळतीला आळा बसतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातींना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. जुलै 2024 मध्ये राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींना उत्पन्नाच्या 8 लाखांच्या मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. योजना कमी नाहीत. पण प्रत्येक योजनेचा पैसा खर्च झाल्यानंतर येतो, आणि गरीब घराकडे आधी खर्च करायलाच काही नसते. शुल्काची माफी मिळते, जेवणाची मिळत नाही.

आमच्याकडे पऱ्ह्यांचे, म्हणजे धानाच्या रोपांचे, जसे असते, तसेच या मुलांचे असते. पऱ्हे रोवणीच्या बेताला आले की त्या आठवड्याला बांधीत पाणी लागतेच. ते नसले, तर पुढे भाद्रपदात कितीही पाऊस पडो, गेलेले पीक हाती येत नाही. पहिल्या वर्षातले पहिले सहा महिने सांभाळले, तर पुढची वाट मुले बहुतेक स्वतः काढतात. हे एकदा मनाला पटल्यावर माझा जुना प्रश्नच बदलला. शिक्षणाचा खर्च सरकारने करायचा की समाजाने, यावर मी आजवर वाद घालत होते. आता मला दिसू लागले की सरकारचे पैसे येईपर्यंत या मुलीला टिकवून कोण धरणार, हा प्रश्न वेगळा आहे. हे काम तिला जवळून ओळखणारी, तिच्याच वाटेने आधी गेलेली माणसेच वेळेवर करू शकतात.

बाबासाहेबांच्या शिक्षणाचा हिशेब मी पुन्हा वाचला तो या नजरेने. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिलेले पाच हजार रुपये यांच्या बळावर. भथेनांच्या पैशाने बाबासाहेबांचा स्वाभिमान कमी झाला, असे कुणी म्हणेल का? राजाची शिष्यवृत्ती आणि मित्राची मदत, दोन्ही लागल्या. हक्क आणि आपलेपणा यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची माझी जुनी सवय इथे सुटली.

गुणवत्तेबद्दलचे माझे मतही याच काळात पक्के झाले. आपल्या कॉलेजांत अमक्यांच्या स्मरणार्थ प्रथम क्रमांकाला पारितोषिक ठेवण्याची जुनी रीत आहे. कधीकाळी ठेवलेल्या पाच हजारांच्या ठेवीवर आज सात टक्क्यांनी वर्षाला साडेतीनशे रुपये होतात. त्या साडेतीनशेसाठी समारंभ होतो, आणि ते ज्या विद्यार्थ्याला मिळतात, तो बहुधा त्यांच्याशिवायही शिकणारच असतो. महात्मा फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच सांगितले होते. केवळ स्पर्धेने शिष्यवृत्त्या दिल्या, तर ते तत्त्वतः न्याय्य दिसते, पण त्यामुळे मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या समाजांत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी राखाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला आता एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. आपल्या पारितोषिकांच्या याद्या अजून बदललेल्या नाहीत.

फुल्यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मला ख्रिस्ती कॉलेजच्या प्रश्नाकडे घेऊन गेली. 1841 ते 1847 या काळात ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्या शिक्षणाची परतफेड त्यांनी केली ती 1848 साली मुलींची शाळा काढून. ज्या शाळेने दिले तिलाच परत द्यावे असा त्यांचा हिशेब नव्हता. जे अजून दाराबाहेर होते, त्यांना त्यांनी दिले. माजी विद्यार्थ्याच्या देण्यामागचे तत्त्व याहून स्पष्टपणे मला कुणी सांगितलेले नाही.

माझ्या कॉलेजचा उगमही याच स्कॉटिश प्रवाहातला. स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपूरला आले आणि 1846 साली त्यांनी इथे शाळा सुरू केली. ते मिशनरी होते, तसेच भूगर्भशास्त्रज्ञही होते. नागपूर परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्यांनी केलेले काम त्या शास्त्रात आजही नावाजले जाते. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. पुढे वीस वर्षांनी, 1883 मध्ये, त्यांच्या नावाने कॉलेज निघाले. नागपूर विद्यापीठाची स्थापना 1923 ची, म्हणजे विद्यापीठाआधी चाळीस वर्षे इथे कॉलेज होते. हे सगळे मला विद्यार्थिनी असताना माहीत होते. माहीत नव्हते ते पुढचे. हिस्लॉप यांच्या मागे राहिलेले टिपण सर रिचर्ड टेम्पल यांनी 1866 साली प्रसिद्ध केले, त्यात लिंगोचे गोंडी गीत आहे. गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवणारा लिंगो. आमच्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला लाखोंच्या संख्येने आदिवासी जमतात ते याच परंपरेच्या श्रद्धेने. ज्या समाजाची कथा या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी कागदावर उतरवली, त्या समाजाच्या मुली आज त्याच्या नावाच्या कॉलेजात शिकायला जातात. त्यांनी महिन्याच्या भाड्यासाठी घरी परतू नये, यासाठी काही करणे मला माझ्याच मातीचे काम वाटते.

परदेशी पैशाबद्दलची माझी समजूतही तपासून घेतली. परदेशी मिशनच्या हाती कारभार असण्याचे दिवस केव्हाच सरले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती नागपुरातच, आणि ते चर्च भारतीय माणसे चालवतात. परकीय देणगी घ्यायची तर एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच आधी यावा लागतो. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांचे पगार शासनाच्या अनुदानातून होतात. पण अनेक कॉलेजांत नवे अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालतात आणि त्यांचे शुल्क कितीतरी जास्त असते. ज्या अभ्यासक्रमाने लवकर नोकरी मिळेल, तोच गरीब घराला परवडत नाही. मिशनच्या नावामागे कुठली तरी भरलेली तिजोरी असेल, हे माझे चित्र जुन्या काळातले होते.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तिने मन हलले. ख्रिस्ती कॉलेज म्हटले की ख्रिस्ती विद्यार्थ्यांची तरी सोय असेल, असे आपण धरून चालतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित समाजातून ख्रिस्ती झालेल्यांना तो आजही नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणजे एकाच वस्तीतल्या, सारख्याच मजुरीवर जगणाऱ्या दोन घरांतली एक मुलगी अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीला पात्र ठरते आणि दुसरी केवळ तिच्या घराच्या श्रद्धेमुळे ठरत नाही. या प्रश्नावर कायद्याने काय करावे, यावर वाद आहेत आणि ते चालू राहतील. तोवर त्या मुलीला मेसचे पैसे भरायचे असतात. उत्पन्नाच्या मर्यादेचेही तसेच. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्तीला वार्षिक अडीच लाखांची मर्यादा आहे. अडीच लाखांच्या किंचित वर गेलेले घर एका रात्रीत श्रीमंत होत नाही. नियमांना कुठेतरी रेषा ओढावीच लागते. रेषेच्या पलीकडे अगदी काठावर उभ्या असलेल्यांकडे माणसांनीच पाहायचे असते.

हे सारे पटल्यावर मी मैत्रिणींना होकार कळवला, पण माझ्या काही अटी सांगितल्या. त्या त्यांनी मान्य केल्या. त्या इथे देते, कारण कुणाला असा निधी सुरू करायचा असेल तर त्यांचा उपयोग होईल.

पैसे इमारतीला नको, माणसाला. त्यातही जून ते डिसेंबर या काळातल्या खर्चाला: खोलीचे डिपॉझिट, मेस, प्रवास, परीक्षेचा फॉर्म. मदत कुणाला करायची हे वर्गावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी सुचवावे, कारण कोण दुपारी डबा न आणता ग्रंथालयात बसते हे त्यांना ठाऊक असते. विद्यार्थ्याला व्यासपीठावर बोलावून धनादेश देऊ नये, फोटो काढू नये, दात्याचे नाव त्याला सांगूही नये. गरिबीचे प्रमाणपत्र चारचौघांत वाचून दाखवले की ते मूल पुढच्या वेळी अर्जच करत नाही. ही मदत कर्ज समजू नये. शिष्यवृत्ती आली म्हणून परत मागू नये. धर्म, जात विचारू नये, गरज विचारावी. आणि वर्षातून एकदा किती आले, किती गेले, किती मुले टिकली, याचा हिशेब नावे न देता सगळ्या देणाऱ्यांना पाठवावा.

रकमेबद्दल माझा आग्रह असा की थोडी द्यावी, पण चुकवू नये. जून 2023 मध्ये माजी विद्यार्थी नंदन निलेकणी यांनी आयआयटी मुंबईला 315 कोटी रुपये दिले, तेव्हा त्या बातमीने माझ्यासारख्या अनेकांना आनंद झाला, आणि बरोबरच असेही वाटले की देणे हे अशा माणसांचे काम, आपले नव्हे. पण अमेरिकेत येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी 1890 साली जो वार्षिक निधी सुरू केला, त्याची कल्पना नेमकी उलट होती. ज्याला जमेल तेवढे, पण दर वर्षी, आणि जास्तीत जास्त लोकांनी. आपल्या मापाने हिशेब करून पाहा. वीस जणांनी महिन्याला पाचशे रुपये दिले, तर वर्षाला 1 लाख 20 हजार होतात. खोलीचे डिपॉझिट आणि पहिल्या काही महिन्यांची मेस एवढ्यात किती मुलींचे वर्ष वाचू शकते, हे नागपुरात खोली करून राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. एखाद्या वर्षी मोठी देणगी आली, तर तिची कायम ठेव करावी. पण निधीचा पाया दरमहाच्या पाचशेचाच असावा, कारण मोठा दाता एकदा येतो आणि मुले दर जूनला येतात.

आमच्या जिल्ह्याला हे नवे नाही. मनोहरभाई पटेलांनी 1958 साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली आणि रेल्वेच्या जंक्शनासाठी, राइस मिलसाठी, बिड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात कॉलेजे उभी राहिली. अहमदनगरला डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती शिक्षकाने 1947 साली कॉलेज सुरू केले. त्या पिढीने भिंती उभ्या केल्या, तेव्हा त्यांचीच गरज होती. आज कॉलेजांची संख्या वाढली आहे. आता त्या भिंतींच्या आत आलेले मूल पदवी घेईपर्यंत आतच राहावे, हे काम आपल्या वाट्याला आले आहे.

माझ्या मनातला एक भाग मात्र बदललेला नाही, आणि तो बदलू नये असेच मला वाटते. शिष्यवृत्ती वेळेवर मिळालीच पाहिजे. निधी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनीच ही मागणी सर्वांत मोठ्याने करायला हवी, कारण उशिराची किंमत त्यांच्या खिशातून जाते आणि त्याचा नेमका हिशेब त्यांच्याकडे असतो. कुठल्या महिन्यात किती मुलांची शिष्यवृत्ती अडकली होती, कोणत्या त्रुटीसाठी अर्ज परत आले, हे आमच्या निधीच्या वहीत लिहिले जाते. ही माहिती कॉलेजने समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाकडे दर वर्षी पाठवावी, असा मी आग्रह धरते. देणगी देऊन गप्प बसणारा माजी विद्यार्थी सरकारला मोकळे सोडतो, ही माझी जुनी भीती खरीच आहे. तिच्यावरचा उपाय देणे बंद करण्यात नाही. देत राहावे आणि मागतही राहावे.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवते. देणगी नेहमी बँकेतून, कॉलेजच्या किंवा नोंदणीकृत संघाच्या खात्यात द्यावी आणि पावती घ्यावी. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला आयकरात सूट नाही. संस्थेला मान्यता असेल तर देणगीवर करसवलत मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच. परदेशात असलेल्या माजी विद्यार्थ्यांचा पासपोर्ट अजून भारताचा असेल, तर नेहमीच्या बँक मार्गाने दिलेले त्यांचे पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. नागरिकत्व बदलले असेल, तर मात्र एफसीआरएचे नियम लागतात. पैसे पाठवण्याआधी हे विचारून घ्यावे, म्हणजे चांगल्या मनाने दिलेली रक्कम कॉलेजला अडचणीची होणार नाही.

हिस्लॉपमध्ये शिकलेल्या, मुंबईच्या विल्सनमध्ये शिकलेल्या, अहमदनगर कॉलेजात किंवा आपल्या गोंदियाच्या धोटे बंधू सायन्समध्ये शिकलेल्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. तुमचा धर्म कोणता, कॉलेज कुणी काढले, तुमच्या वेळी फी किती होती, हे सगळे बाजूला ठेवा. यंदा प्रवेश सुरू होण्याआधी आपल्या कॉलेजातल्या एखाद्या शिक्षकाला फोन करा आणि एवढेच विचारा की मागच्या वर्षी पहिल्या सत्रानंतर किती मुले परत आली नाहीत. जो आकडा ऐकाल, त्यातल्या एकाचा तरी जून ते डिसेंबरचा खर्च आपण चार मित्र मिळून उचलू शकतो. या जूनपासून तो उचला.